भुजंगराव वकिलांचे तीन शब्द

भुजंगराव वकील रस्त्यात कुणालाही थांबवत आणि त्याला एक वाक्य ऐकवत. हिंगोलीच्या मोंढ्यात हळदीचं पोतं उतरवणारा हमाल असो, की कचेरीतून घरी निघालेला चपराशी, "जरा थांब. हे ऐक, आणि काय समजलं ते तुझ्या बोलीत सांग," असं म्हणून ते कोटाच्या खिशातून कागद काढत. ऐकणारा गोंधळून भलतंच काही बोलला, तर त्याच्यावर चिडत नसत. उभ्या उभ्याच कागदावरचा एखादा शब्द खोडत आणि "कागद चुकला, कागद चुकला," असं पुटपुटत पुढे जात. काही लोक त्यांना लांबून येताना पाहून गल्ली बदलत.

मी त्या वेळी मुन्सिफ कोर्टासमोरच्या लिंबाखाली बसणारा अर्जनवीस होतो. राज्य निजामाचं, कचेरीची भाषा उर्दू. खेड्यातून आलेल्या माणसाचं म्हणणं ऐकायचं आणि ते उर्दूत लिहून द्यायचं, हा माझा धंदा. एक दिवस भुजंगराव माझ्या चटईपाशी उकिडवे बसले. मी नुकताच एका शेतकऱ्याला लिहून दिलेला अर्ज त्यांनी त्याच्या हातातून घेतला, त्याचं मराठी करून त्याला वाचून दाखवलं आणि विचारलं, "हेच म्हणालास ना?"

"म्या तर बैल हरवला म्हणलो जी," तो शेतकरी म्हणाला. "ह्यात तर लईच कायबाय हाय."

मला राग आला होता. भुजंगराव शांतपणे म्हणाले, "मुन्शी, तुमचं अक्षर फार देखणं आहे. त्या अक्षरात ह्याचा बैल तेवढा सापडला पाहिजे." दुसऱ्या दिवसापासून त्यांचे कागद मी लिहू लागलो, आणि वर्षभरात त्यांच्या शेजारच्या खोल्या रिकाम्या झाल्या तेव्हा बायकोला घेऊन तिथं राहायलाही गेलो. आमच्यात एक भिंत होती, आणि तीही अर्धी कच्ची.

त्यांचं मूळ गाव कुरुंदा. भाऊ तिथं शेती बघत. त्यांची बायको लग्नानंतर तीन-चार वर्षांतच तापाच्या साथीत गेली होती, मूलबाळ नव्हतं, आणि दुसरं लग्न करा म्हणणारे लोकही एव्हाना म्हणायचे थांबले होते. ते स्वतःच भाकरी थापत. ती कधी गोल होत नसे. आमच्याकडून वाटीभर भाजी गेली, तर वाटी घासून परत येई आणि तिच्यात काही ना काही असे, चार पेरू नाहीतर मूठभर शेंगा. पण जेवायला या म्हटलं तर येत नसत. "माणसांत बसून जेवायची सवय गेली," म्हणत. घरात एकटे असले की ते मोठ्यानं बोलत. आधी एका पक्षाच्या वकिलासारखे, मग दुसऱ्याच्या. भिंतीतून सगळं ऐकू येई. अनसूया, माझी बायको, चुलीपाशी बसून म्हणायची, "आज वकीलसाहेब स्वतःशीच हरले."

हैदराबादला तेव्हा राज्याचे कायदे करणारी एक कौन्सिल होती. तिच्यात बहुतेक सभासद सरकारी अंमलदार असत, बाहेरचे थोडे. त्या थोड्यांत वकिलांच्या वतीनं एका वर्षी भुजंगरावांची नेमणूक झाली. आम्ही हार घेऊन गेलो, तर ते पायरीवर बसून नखं कापत होते. म्हणाले, "मुन्शी, मुदत थोडी आहे. मला एकच कायदा करायचा आहे. वेठीचा."

वेठ म्हणजे काय, हे आज तरुणांना सांगावं लागतं. कुणी अंमलदार दौऱ्यावर आला, की त्याचा तंबू, पेट्या, खुर्च्या एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायला माणसं धरून नेत. पाटलाचा माणूस दारात उभा राहिला, की हातातली पेरणीची पाभर सोडून निघायचं. नाही म्हणायची सोय नसे. पुसेगावच्या बाजूला तांडे होते. त्या लोकांचे वाडवडील बैलांवर माल लादून मुलूखभर फिरलेले, म्हणून ओझं म्हटलं की आधी तांड्याकडे बोट जाई.

"पण वेठ तर बंद आहे ना?" मी म्हटलं. "हुकूम निघाला होता की."

"हुकूम निघाला. तो मोडला तर काय, ते कुठं लिहिलंय? कुणी कुणाकडे जायचं, कोण चौकशी करणार, शिक्षा काय? हुकूम नुसतं सांगून मोकळा होतो, मुन्शी. कायद्याला पुढचं सगळं आधी सुचावं लागतं."

मसुदा तयार करायला त्यांना सहा महिने लागले. त्यांची पद्धत मी कुठंच पाहिली नव्हती. एक कलम लिहायचं, मग आपणच तो कायदा मोडायला निघालेला माणूस व्हायचं. "आता मी अंमलदार. मला ओझं तर न्यायचंय. ह्या वाक्यातून मी कुठून निसटेन?" असं म्हणत खोलीत येरझाऱ्या घालायच्या. फट सापडली की बुजवायची. आणि मग ते कलम घेऊन बैलगाडीनं पुसेगावकडे निघायचं.

तांड्याचा नाईक सोमला नावाचा, पन्नाशीचा, सडसडीत माणूस होता. त्याचा एकुलता एक मुलगा हरसिंग, नुकतंच लग्न झालेला, भुजंगराव आले की बाज टाकायचा. भुजंगरावांनी पहिलं कलम वाचून दाखवलं: मजुरी दिल्याशिवाय कुणाकडूनही ओझं वाहून घेता येणार नाही.

सोमलानं ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाला, "साहेब, म्हंजे मजुरी देल्ली की नेता येतं?"

"हो."

"आन मला जायचं नसंल तर? पेरणी चालू हाय, बायको बाळंत हाय. त्यानं पैसा फेकला म्हणून म्या जायाचं काहून?"

भुजंगराव माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा उजळला होता. "लिहा, मुन्शी. 'मजुरी देऊनही, त्याच्या राजीखुशीशिवाय.' सोमला, हे कलम तुझं."

"आमचं कशाचं जी," सोमला हसत म्हणाला, पण दुसऱ्या खेपेला त्यानं आपण होऊन विचारलं, "माझं कलम हाय ना आजून?"

पुढचं सगळं हैदराबादला झालं आणि त्याला साडेतीन वर्षं गेली. आधी मसुदा मांडायची परवानगी मागायची. मग तो सभेत वाचायचा. मग त्यावर मतं मागवायला तो जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायचा, ती येईपर्यंत थांबायचं, मग तो पाच-सात जणांच्या समितीकडे जायचा. समितीनं एकेक शब्द तपासायचा, पुन्हा सभा, मग मताला टाकायचा, आणि सगळ्यांच्या शेवटी वरची मंजुरी. भुजंगराव आगगाडीनं जात आणि आठ-आठ दिवसांनी परत येत. तिथं त्यांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. मी एकदा सोबत गेलो होतो. दुपारच्या सुट्टीत बाकीचे सभासद घोळक्यानं चहाला गेले, आणि भुजंगराव व्हरांड्यातल्या खांबाला टेकून कागदात बांधून आणलेली भाकरी खात उभे राहिले. मी दिसताच ती त्यांनी मागे लपवली. लहान मुलासारखी.

समितीत मसुदा अडला. एका जुन्या, सभ्य अंमलदाराचं म्हणणं असं, की पूर आला, साथ आली, तर सरकारनं माणसं कुठून आणायची? तेवढ्यासाठी एक सूट ठेवा. तीन शब्द घाला: "सख्त जरुरीखेरीज करून." ते घातले तर उद्याच्या उद्या एकमतानं मसुदा पुढे जाईल. नाही घातले तर सगळं पुढच्या बैठकीवर, आणि पुढच्या बैठकीपर्यंत भुजंगरावांची मुदत संपलेली.

त्यांना विचार करायला एक संध्याकाळ मिळाली. ती त्यांनी खाणावळीच्या खोलीत एकट्यानं काढली. सकाळी त्यांनी सही केली.

कायदा सरकारी गॅझेटात छापून आला तो दिवस मला आठवतो. त्या पानाची घडी करून ते कोटात घालून आले आणि आमच्या ओट्यावर बसले. अनसूयानं साखर आणली. त्यांनी चिमूटभर घेतली, पण घडी उघडून दाखवली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही तांड्यावर गेलो. सगळी माणसं जमली होती. भुजंगरावांनी उर्दूतलं एकेक कलम मराठीत सांगितलं. सोमलाचं कलम आलं तेव्हा बायकांतून कुणीतरी हुंकार दिला. मग ते सूट देणाऱ्या कलमापाशी आले. आवाज खाली गेला, पण त्यांनी ते गाळलं नाही.

"सख्त जरूर हाय का न्हाई, ते कोन ठरवनार साहेब?" सोमलानं विचारलं.

"अंमलदार."

"ज्याचं वझं हाय त्योच?"

भुजंगरावांनी कागदाची घडी घातली. सोमलानं तो विषय तिथंच सोडला आणि पाहुण्यांना दूध आणायला सांगितलं.

पहिली दोन वर्षं बरी गेली. पाटलाची माणसं थोडी बिचकली. कुठं कुठं लोक "कायदा हाय" असं म्हणू लागले, आणि ते ऐकलं की भुजंगरावांची पाठ ताठ होई. मग एका श्रावणात एक अंमलदार कयाधूच्या पलीकडे, तांड्याच्याच बाजूला, मुक्कामाला होता. नदी दुथडी भरलेली. दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामी त्याची कुणाशी तरी भेट ठरलेली होती, म्हणून सामान त्याच दिवशी अलीकडे यायला हवं होतं. तांड्यावरून सहा माणसं नेली. त्यांत हरसिंग होता. तो म्हणाला, पाणी उतरू द्या, उद्या नेतो. त्याला "सख्त जरूर" असं ऐकवलं गेलं. तंबूच्या लाकडांचा भारा डोक्यावर घेऊन तो पाण्यात उतरला. प्रेत तिसऱ्या दिवशी खाली दोन कोसांवर सापडलं.

सोमला हिंगोलीला आला तो सरळ भुजंगरावांच्या दारात बसला. रडला नाही. "आपला कायदा हाय ना साहेब," एवढंच म्हणाला.

खटला भुजंगरावांनी चालवला. मी शेजारी कागद सांभाळत होतो. समोरच्या वकिलानं काही विशेष केलं नाही. त्यानं सूट देणारं कलम मोठ्यानं वाचलं आणि खाली बसला. मुन्सिफ भला माणूस होता. तो हळू आवाजात म्हणाला, "वकीलसाहेब, हे कलम ज्या समितीनं घातलं, तिच्यात आपण होतात ना?"

"होतो."

"आपला विरोध नोंदलेला दिसत नाही."

"नव्हता. माझी सही आहे."

"मग जरूर सख्त होती की नव्हती, हे अंमलदारानंच ठरवायचं, असाच ह्याचा अर्थ आपल्याला अभिप्रेत होता?"

एवढा फट शोधणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी फट शोधली नाही. "शब्दांचा अर्थ तोच होतो," ते म्हणाले. "मी घातले तेव्हाही तोच होत होता."

खटला गेला. बाहेर लिंबाखाली सोमलानं त्यांचे पाय धरले, ते मागे सरकले. सोमला म्हणाला, "तुमी काय करनार साहेब. तुमी तर आमच्यासाठीच केलं." आणि पागोट्याचं टोक तोंडाशी धरून पुसेगावच्या रस्त्याला लागला. त्यानंतर तो कधी हिंगोलीला आला नाही.

भुजंगरावांना जो भेटे तो हेच म्हणे. तुमचा काय दोष? तुम्ही नसतात तर कायदाच झाला नसता. मीही म्हणालो, एकदा नाही, अनेकदा. ते ऐकून घेत. एकदा मात्र संध्याकाळी ओट्यावर बसलेले असताना ते म्हणाले, "मुन्शी, साऱ्या मसुद्यातला शब्द न् शब्द मी हमालाला विचारला, चपराश्याला विचारला, सोमलाला विचारला. ते तीनच शब्द कुणाला विचारले नाहीत. का, माहीत आहे? विचारले असते तर सोमला जे विचारणार होता, ते मला आधीच ठाऊक होतं."

"पण तुमची मुदत संपत होती," मी म्हणालो. "तुमची काही चूक नाही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं एखाद्या स्टेशनावर गाडी न थांबता पुढे जाताना आतला माणूस फलाटाकडे पाहतो. मग उठून आत गेले.

पुढची वर्षं त्यांनी ते तीन शब्द काढण्यात घालवली. कौन्सिलवर पुन्हा नेमणूक झाली नाही. सभासद नसलेल्याला अर्ज करण्यापलीकडे काही करता येत नाही. ते अर्ज मीच लिहिले. नव्या सभासदांना ते पत्रं पाठवत, कुणी उत्तर देई, बहुतेक देत नसत. एकदा एका सभासदानं दुरुस्ती मांडायचं कबूल केलं आणि ऐन वेळी तो आजारी पडला. भुजंगराव दुसऱ्यांचे खटले घेईनासे झाले. रस्त्यात माणसं थांबवायचंही सोडून दिलं. आता लोकांना त्यांच्यासाठी गल्ली बदलावी लागत नव्हती, आणि मला ते बघवत नसे. भिंतीपलीकडचा आवाजही बंद झाला. अनसूया कधी कधी भाकरी तव्यावर ठेवून कान देई, आणि मग ती उलटवी.

सत्तेचाळीसनंतर आमच्या भागात दिवस फार वाईट आले. गावं जळाल्याच्या बातम्या येत. लोक वऱ्हाडात, वाशीमकडे निघून जाऊ लागले. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात मीही बायकामुलांना घेऊन निघालो. गाडीत जागा होती. मी भुजंगरावांना किती विनवलं! ते धोतराचं टोक हातात धरून दारात उभे होते, दाढी वाढलेली.

"तुमी जा मुन्शी," ते म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून कुरुंद्याची बोली ऐकली. "तिकडं मला कोन वळखतं? मी माझ्या जाग्यावर जातो."

मला वाटलं, ते कुरुंद्याला भावांकडे जाणार. त्यांनी अनसूयाला नमस्कार केला, माझ्या धाकट्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. गाडी वळेपर्यंत ते उभे होते. मी मागे पाहत होतो, पण हात वर केला नाही; का, ते आज सांगता येत नाही.

भाद्रपदात फौजा आल्या, राज्य बदललं. आम्ही परतलो तेव्हा त्यांच्या खोल्यांना कुलूप होतं. कुरुंद्याला निरोप पाठवला. भाऊ म्हणाले, इकडे आलेच नाहीत. चार दिवस चौकशी केल्यावर मोंढ्यात तांड्यावरचा एक माणूस भेटला. तो म्हणाला, "वकीलसाहेब? ते तर आमच्यात व्हते." मी त्याच पावली पुसेगावचा रस्ता धरला.

सोमला फार म्हातारा झाला होता. त्यानं मला ओळखलं, बाजेवर बसवलं, पाणी दिलं. भुजंगराव जेठात पायी आले होते. कुणाशी फार बोलत नव्हते. हरसिंगची झोपडी त्याची बायको माहेरी गेल्यापासून रिकामी होती, ती सोमलानं त्यांना दिली. ते स्वतःची भाकरी स्वतः करत. दिवसभर शेरडं राखायला म्हाताऱ्यांबरोबर जात आणि झाडाखाली बसून राहत. नागपंचमीनंतर ताप आला. आठ दिवसांत आटोपलं.

"अग्नी कुणी दिला?" मी विचारलं.

"म्या देल्ला," सोमला म्हणाला. "दुसरं कोन व्हतं?"

इतकी वर्षं तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं. "त्यांची काही चूक नव्हती, नाईक."

सोमलानं माझ्याकडे नीट पाहिलं. "मुन्शीजी, तीन म्हैने त्यो हितं राहिला. पोराचं नाव त्यानं काढलं न्हाई, म्या बी न्हाई काढलं. आखरीला, ताप लई व्हता, मला जवळ बसवलं आन म्हणला, सोमला, मी चुकलो का?"

"मग?"

"म्या म्हणलं, व्हय साहेब. चुकला तुमी."

शेरडं परत येत होती, त्यांच्याकडे त्यानं एकदा पाहून घेतलं.

"माझा हात धरला त्यानं. रडला. म्या बी रडलो. मंग जेवतो म्हणला. आमच्या घरातली भाकर आनली, सगळ्यांच्यात बसून खाल्ली आर्दी. आन झोपला. लई दिसांनी झोपला असंल, असा झोपला."